हॉलिवूडमधले लॅटिनो आणि 'हे काम कुणाला द्यायचं?' : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉलिवूडमधल्या लॅटिनो कलाकारांवर मी बरीच वर्षं लिहिते आहे. नवा चित्रपट आला, वाद पेटला, की वाचकांची पत्रं येतात. नावं बदलतात, प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगितलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लॅटिनो म्हणजे नेमके कोण? हिस्पॅनिक म्हणजे तेच का?

ज्यांचं मूळ लॅटिन अमेरिकेत आहे ते लॅटिनो. म्हणजे मेक्सिकोपासून खाली चिली-अर्जेंटिनापर्यंतचे देश, आणि क्युबा, प्वेर्तो रिको, डॉमिनिकन रिपब्लिक ही बेटं. हिस्पॅनिक या शब्दाचा संबंध स्पॅनिश भाषेशी आहे. त्यामुळे पोर्तुगीज बोलणारा ब्राझीलचा माणूस लॅटिनो आहे पण हिस्पॅनिक नाही, आणि माद्रिदचा माणूस हिस्पॅनिक आहे पण लॅटिनो नाही. बाईसाठी लॅटिना म्हणतात. स्त्री-पुरुष भेद टाळायचा असेल तर लॅटिनेक्स किंवा लातिने असेही शब्द अलीकडे वापरतात. अमेरिकेत वाढलेले मेक्सिकन वंशाचे काही लोक स्वतःला अभिमानाने चिकानो म्हणवतात.

लॅटिनो हा वंश नाही, एवढं पक्कं लक्षात ठेवा, कारण पुढचे निम्मे प्रश्न त्यातूनच निघतात. लॅटिनो माणूस गोरा, काळा, मूळनिवासी, आशियाई किंवा या सगळ्यांचं मिश्रण असू शकतो. लुपिता न्योंगोचा जन्म मेक्सिको सिटीतला, आईवडील केनियाचे. स्वतःला ती दोन्ही देशांची मानते.

२. मग आमचे गोव्यातले फर्नांडिस आणि डिसोझा लॅटिनो ठरतात का? आडनावं तर तीच आहेत!

नाही. ही आडनावं गोव्यात आणि ब्राझीलमध्ये एकाच घरातून गेली, ते घर म्हणजे पोर्तुगाल. पण गोवा लॅटिन अमेरिकेत नाही. पणजीच्या फोंतेन्यासला 'लॅटिन क्वार्टर' म्हणतात, तिथेही अर्थ पोर्तुगीज वळणाची वस्ती एवढाच. फिलिपिन्समध्येही गार्सिया आणि सांतोस घरोघरी सापडतात, कारण तिथे स्पेनचं राज्य होतं. आडनावावरून मूळ ठरवण्याची घाई हॉलिवूडनेही केली आहे, उलट्या बाजूने (प्रश्न ७).

३. अमेरिकेत लॅटिनो किती, आणि पडद्यावर किती?

२०२० च्या जनगणनेत ते ६ कोटी २१ लाख होते. म्हणजे लोकसंख्येच्या १८.७ टक्के, जवळजवळ दर पाचांत एक. त्यांतले सुमारे ६० टक्के मेक्सिकन मुळाचे. लॉस एंजेलिस शहराची तर जवळपास निम्मी वस्ती लॅटिनो आहे, आणि हॉलिवूड त्याच शहरात आहे.

पडद्यावरचा हिशेब सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अॅनेनबर्ग गटाने २००७ ते २०१८ मधले १,२०० लोकप्रिय चित्रपट पाहून मांडला. त्यात संवाद असलेली ४७ हजारांहून अधिक पात्रं होती. त्यांतली ४.५ टक्के लॅटिनो निघाली, आणि मुख्य भूमिकांत तर ३ टक्के. माणशी पाहिलं तर हाच समाज अमेरिकेत सर्वाधिक चित्रपट पाहणाऱ्यांत येतो. तिकीट काढून बसलेल्या मुलीला पडद्यावर आपल्यासारखं कुणी दिसत नसेल, तर तिचं काय होत असेल, हे मला या आकड्यांपुढे नेहमी वाटतं.

४. 'ब्राउनफेस' म्हणजे काय? असं खरंच करायचे?

गोऱ्या नटाच्या चेहऱ्यावर तपकिरी रंग चढवून त्याला मेक्सिकन किंवा दुसरा कुणी सावळा माणूस बनवणं म्हणजे ब्राउनफेस. दुय्यम चित्रपटांत नव्हे, नावाजलेल्या चित्रपटांत हे उघडपणे चालायचं. १९५२ च्या 'व्हिवा झपाता!' मध्ये मेक्सिकन क्रांतिकारक एमिलियानो झपाता झाला मार्लन ब्रँडो. मेक्सिकोच्या चिवावामध्ये जन्मलेला अँथनी क्विन त्याच चित्रपटात त्याचा भाऊ होता. सहायक अभिनेत्याचं ऑस्कर क्विनला मिळालं. १९५८ च्या 'टच ऑफ ईव्हिल' मध्ये चार्लटन हेस्टन मेक्सिकन पोलीस अधिकारी झाला, काळे केस आणि रंगवलेला चेहरा घेऊन.

सगळ्यांत बोलकं उदाहरण १९६१ च्या 'वेस्ट साइड स्टोरी' चं. न्यूयॉर्कमधल्या प्वेर्तो रिकन वस्तीची ती गोष्ट. नायिका मारिया झाली नॅटली वुड, रशियन स्थलांतरितांची मुलगी. तिची गाणी गायली मार्नी निक्सनने. मारियाचा भाऊ झाला ग्रीक वंशाचा जॉर्ज चकिरिस. मोठ्या भूमिकांमध्ये खरी प्वेर्तो रिकन होती एकटी रीटा मोरेनो, आणि तिच्याही तोंडाला गडद रंग फासला गेला. प्वेर्तो रिकोत सगळ्या छटांचे लोक असतात, पण पडद्यावर सगळे एकाच मातकट रंगाचे दिसायला हवेत असा आग्रह होता. मोरेनोने पुढे ही गोष्ट अनेकदा सांगितली आहे. तिला त्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं, आणि त्यानंतर तशाच साच्यातल्या भूमिका पुढे येत राहिल्या म्हणून ती नाकारत राहिली.

२०२१ मध्ये स्टीव्हन स्पीलबर्गने तोच चित्रपट पुन्हा केला. प्वेर्तो रिकन पात्रांसाठी लॅटिनो कलाकार घेतले आणि स्पॅनिश संवादांना सबटायटल्स दिली नाहीत. अनिताच्या त्याच भूमिकेसाठी एरियाना डीबोसला ऑस्कर मिळालं, मोरेनोनंतर ६० वर्षांनी. नव्वदीला आलेली मोरेनोही या चित्रपटात आहे.

५. अभिनय म्हणजे दुसऱ्याचं सोंग घेणंच ना? बालगंधर्वांनी स्त्रीभूमिका केल्या, त्यावर कोण बोट ठेवतं?

हा प्रश्न दर महिन्याला येतो, आणि तो चांगला आहे. बालगंधर्वांच्या कलेपुढे मीही हात जोडते. पण त्या काळी स्त्रीपात्रं पुरुष का करायचे? घरंदाज बाईला रंगमंचावर मज्जाव होता म्हणून. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा अण्णा साळुंके तारामती झाले. त्याच वर्षी दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर' मध्ये आल्या, आणि दार किलकिलं झालं. साळुंक्यांचं काम चांगलं होतं की नव्हतं, याचा दार बंद असण्याशी संबंध नव्हता.

लॅटिनोंचं गाऱ्हाणंही दाराचंच आहे. ब्रँडो झपाता होऊ शकत असेल आणि क्विन जॉर्ज वॉशिंग्टनही होऊ शकत असेल, तर मग वादच उरत नाही. प्रत्यक्षात एकाला सगळी पात्रं खुली होती, दुसऱ्याला फक्त आपल्या वस्तीतली, आणि त्यांतलीही मोठी निघाली की ती पहिल्याकडे जायची. २०२२ मध्ये फिदेल कास्त्रोच्या भूमिकेसाठी जेम्स फ्रँकोचं नाव जाहीर झालं, तेव्हा बोगोतात जन्मलेला जॉन लेग्विझामो जाहीरपणे चिडला, तो याच कारणाने. मुख्य भूमिका शंभरात तीन असतील, तर त्यांतली एक गेल्याचं दुःख मोठंच होतं.

६. लॅटिनो पात्रं नेहमी गुंड नाहीतर मोलकरीणच का असतात?

हा साचा मूकपटांइतका जुना आहे. तेव्हा मेक्सिकन माणूस म्हणजे तेलकट केसांचा दरोडेखोर. त्यासाठी शिवीसारखा 'ग्रीझर' हा शब्द चित्रपटांच्या नावांतही असायचा. मेक्सिको सरकार इतकं संतापलं, की १९२२ मध्ये त्यांनी असे चित्रपट काढणाऱ्या कंपन्यांचे सगळेच चित्रपट देशात येऊ देणं थांबवलं. बाजार हातचा जाईल या भीतीने हॉलिवूड थोडं सावरलं. खलनायकाचा देश मग काल्पनिक झाला, मिशा तशाच राहिल्या.

दुसरा साचा 'लॅटिन लव्हर' चा. त्याचा सगळ्यांत मोठा तारा रुडॉल्फ व्हॅलेंटिनो हा इटालियन. तिसरा नाचगाण्याचा. डोक्यावर फळांची टोपली घेतलेली कारमेन मिरांडा आठवते? जन्म पोर्तुगालचा, वाढली ब्राझीलमध्ये. १९४० मध्ये ती अमेरिकेहून रिओला परतली, तेव्हा तिथल्या प्रेक्षकांनी तिचं स्वागत थंडपणे केलं. ती आता अमेरिकन झाली, असं त्यांना वाटलं.

आणि मग मोलकरीण. लुपे ओन्तिव्हेरोस या मेक्सिकन-अमेरिकन अभिनेत्रीने स्वतःच्या अंदाजाने दीडशे वेळा मोलकरणीचं काम केलं. हिंदी चित्रपटांत मराठी बाई म्हणजे नऊवारीतली कामवाली आणि मराठी माणूस म्हणजे हवालदार, हे ज्यांनी बघितलं आहे, त्यांना याहून जास्त समजावून सांगायची गरज नाही. मोलकरीण हे पात्र वाईट नाही. तिला घर, नवरा, राग, आवडनिवड यातलं काहीच न देता केवळ दार उघडायला ठेवतात, ते वाईट आहे. एक मोलकरीण कथेच्या मध्यभागी आली की काय घडतं, ते प्रश्न १० मध्ये पाहा.

७. मार्टिन शीन लॅटिनो आहे म्हणे! नाव तर इंग्रजी वाटतं.

त्याचं खरं नाव रामोन एस्तेवेझ. वडील स्पेनच्या गालिसियाचे, म्हणजे प्रश्न १ च्या हिशेबाने तो हिस्पॅनिक. नाव बदलण्याचं कारण उघड होतं, एस्तेवेझला कामं मिळत नव्हती. मुलगा एमिलिओने आडनाव ठेवलं, दुसरा चार्ली शीन झाला.

रीटा हेवर्थ ही मुळात मार्गारिटा कारमेन कान्सिनो, तीही वडिलांकडून स्पॅनिश. तिचे केस रंगवले आणि कपाळावरची केसांची रेषा विजेच्या उपचारांनी मागे नेली. हे फार वेदनेचं काम असतं. रॅकेल वेल्चचे वडील बोलिव्हियाचे, जन्मनाव जो रॅकेल तेहादा. ग्वातेमालात जन्मलेल्या ऑस्कर आयझॅकने एर्नांदेस हे आडनाव गाळलं, कारण त्या नावाला ठरावीक भूमिकाच विचारल्या जात. कलाकार आपलं मूळ 'लपवतात' असं काही वाचक लिहितात. मला ते अन्यायाचं वाटतं. पोट भरायला आडनाव टाकावं लागलं असेल, तर विचारायचं ते त्याला नाही.

८. मेक्सिकन पात्र प्वेर्तो रिकन कलाकाराने केलेलं चालतं का?

बहुतेकदा चालतं, पण कुरकूर होते, आणि तिला आधार असतो. टेक्सासची लाडकी गायिका सेलेना हिच्यावरच्या १९९७ च्या चित्रपटात ब्रॉन्क्सची प्वेर्तो रिकन जेनिफर लोपेझ आली, तेव्हा काही मेक्सिकन-अमेरिकन लोकांनी विरोध केला. चित्रपट पाहिल्यावर तो बराच मावळला. बोलिव्हियाहून आलेले गणिताचे शिक्षक हायमे एस्कलांते यांचं काम मेक्सिकन-अमेरिकन एडवर्ड जेम्स ओल्मोसने केलं, आणि १९८८ च्या त्या चित्रपटासाठी त्याला ऑस्कर नामांकन मिळालं. प्वेर्तो रिकोच्या बेनिसिओ देल तोरोने 'ट्रॅफिक' मध्ये मेक्सिकन पोलिसाचं काम जवळजवळ सगळं स्पॅनिशमध्ये करून ऑस्कर जिंकलं.

खरी ठेच लागते ती उच्चारांना. ब्राझीलच्या वाग्नेर मोउराने 'नार्कोस' मालिकेत कोलंबियाचा ड्रगमाफिया पाब्लो एस्कोबार केला. त्यासाठी तो स्पॅनिश शिकला, तरी कोलंबियन लोकांच्या कानाला ते खटकलंच. ही तक्रार नवी नाही. १९३१ च्या 'ड्रॅक्युला' ची स्पॅनिश आवृत्ती युनिव्हर्सलने त्याच सेटवर रात्री चित्रित केली. दिग्दर्शक जॉर्ज मेलफर्डला स्पॅनिश येत नव्हतं. ड्रॅक्युला झालेला कार्लोस व्हिलारियास स्पेनचा, नायिका लुपिता तोवार मेक्सिकोची, नायक बॅरी नॉर्टन अर्जेंटिनाचा. एकाच गोष्टीतली माणसं तीन देशांचं स्पॅनिश बोलत होती. मालवणी आई, वऱ्हाडी बाप आणि पुणेरी लेक कुठलंही कारण न देता एका घरात ठेवले तर आपल्याला कसं वाटेल, तसं ते तिथल्या प्रेक्षकांना वाटत असे.

एक अपवाद माझ्या फार आवडीचा. १९८७ च्या 'ला बाम्बा' मध्ये मेक्सिकन-अमेरिकन गायक रिची व्हॅलेन्सचं काम फिलिपिनो वंशाच्या लू डायमंड फिलिप्सने केलं. मुळाच्या नियमाने ते चुकीचं ठरायला हवं. पण दिग्दर्शक होते लुइस व्हाल्देझ, शेतमजुरांच्या संपात रस्त्यावर नाटकं करून पुढे आलेले चिकानो. निवड घरातल्या माणसाने केली होती, आणि चिकानो प्रेक्षकांनी तो चित्रपट आपला मानला.

९. स्पेनचे कलाकार लॅटिनो भूमिका करतात, त्यावर वाद का?

अंतोनियो बांदेरासने मेक्सिकन नायक अनेकदा केले आणि लोकांनी ते प्रेमाने घेतले. हावियेर बार्देमने २०२१ मध्ये क्युबन-अमेरिकन कलाकार देसी आर्नाझचं काम केलं, तेव्हा मात्र नाराजी उघड झाली, पुढे ऑस्कर नामांकन मिळालं तरी. भाषा एक असली तरी स्पेन हा राज्यकर्ता देश होता. शिवाय आर्नाझ म्हणजे १९५० च्या दशकात टीव्हीवरून अमेरिकेच्या प्रत्येक दिवाणखान्यात पोचलेला पहिला क्युबन. ती जागा आपल्यातल्या कुणाला मिळावी, असं क्युबन लोकांना वाटलं, तर मला ते पटतं.

१०. गोरे लॅटिनो, काळे लॅटिनो, मूळनिवासी : यात भेदभाव होतो का?

होतो, आणि समाजाच्या आतूनही होतो. २०२१ चा 'इन द हाइट्स' न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन हाइट्समध्ये घडतो. ही डॉमिनिकन वस्ती, तिथे गडद वर्णाचे आफ्रो-लॅटिनो रस्तोरस्ती दिसतात. चित्रपटाच्या मुख्य फळीत मात्र बहुतेक उजळ चेहरे होते. टीका झाल्यावर निर्माते-गीतकार लिन-मॅन्युएल मिरांडा यांनी माफी मागितली. आपल्या लोकांसाठी मनापासून केलेल्या कामातही ही चूक झाली, म्हणून मला ती जास्त लागली.

उलट टोकाला अॅन्या टेलर-जॉय. बालपण ब्युनोस आयर्समधलं, बोलायला सुरुवात स्पॅनिशमध्ये. २०२१ मध्ये एका मोठ्या चित्रपट-साप्ताहिकाने तिची गणना गोऱ्या नसलेल्या अभिनेत्रींत केली आणि मग मजकूर दुरुस्त केला. ती लॅटिना आहे आणि गोरीही. अभिनेत्री अॅलेक्सिस ब्लेडेलचंही तसंच.

मूळनिवासींचं नाव या चर्चेत सगळ्यांत शेवटी येतं. २०१८ च्या 'रोमा' मधली घरकाम करणारी क्लेओ म्हणजे यालित्झा अपारिसिओ, ओआहाकातल्या त्लाहियाकोची, शिक्षिकेचं शिक्षण घेतलेली, त्याआधी कधी अभिनय न केलेली. ती ऑस्करच्या मुख्य अभिनेत्रींच्या यादीत गेली. मेक्सिकोच्या मासिकांची मुखपृष्ठं एरवी गोऱ्या चेहऱ्यांची, त्यांवर ती आली, तेव्हा तिथल्याच काही लोकांनी तिच्या रूपावरून आणि वंशावरून घाण बोलून घेतलं.

११. मेक्सिकन दिग्दर्शकांनी ऑस्कर लुटले, मग तक्रार कसली?

२०१४ ते २०१९ या सहा सोहळ्यांपैकी पाच वेळा दिग्दर्शनाचं ऑस्कर मेक्सिकनांना गेलं. अल्फोन्सो कुआरोन दोनदा, अलेहांद्रो इन्यारितू दोनदा, गियेर्मो देल तोरो एकदा. अभिमानाची गोष्ट आहे. पण त्या पाचांपैकी 'रोमा' सोडला तर नायक-नायिका लॅटिनो कुठे आहेत? शिवाय हे तिघे मेक्सिकोत वाढले, तिथल्या चित्रपटसृष्टीतून आले. पूर्व लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेल्या मुलाचा रस्ता वेगळा आहे. मुख्य अभिनेत्याचं ऑस्कर मिळवणारा पहिला लॅटिनो प्वेर्तो रिकोचा होसे फेरर, १९५० च्या चित्रपटासाठी.

१२. 'फक्त लॅटिनो कलाकार हवेत' अशी जाहिरात देणं अमेरिकेत कायदेशीर आहे का?

१९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार नोकरी देताना वंश पाहता येत नाही. कामाची खरी गरज असेल तर लिंग, धर्म आणि राष्ट्रीय मूळ यांसाठी सवलत आहे, वंशासाठी ती नाही. दुसरीकडे, पात्रनिवड हा कलाकृतीच्या अभिव्यक्तीचा भाग आहे असं २०१२ मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या खटल्यात न्यायालयाने मानलं. व्यवहारात पात्राचं वर्णन लिहितात, 'मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबातली मुलगी' असं. ऑडिशनला आलेल्याला मात्र 'तुझं मूळ काय' असं थेट विचारणं टाळतात.

१३. ऑस्करसाठी आता कोटा आहे म्हणे?

कोटा नाही. २०२४ च्या सोहळ्यापासून, फक्त सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या गटासाठी, चार निकषांपैकी दोन पुरे करावे लागतात. पडद्यावरचे चेहरे हा त्यांतला एकच निकष. बाकीचे तीन पडद्यामागची माणसं, उमेदवारांना पगारी संधी आणि प्रसिद्धी-वितरणातली माणसं यांचे. एकही लॅटिनो चेहरा न दाखवता चित्रपट पात्र ठरू शकतो. २०२५ च्या चित्रपटांपासून कास्टिंग डायरेक्टरसाठीही ऑस्कर सुरू झालं आहे.

१४. 'एमिलिया पेरेझ' ला १३ ऑस्कर नामांकनं मिळाली, मग मेक्सिको का चिडला?

गोष्ट मेक्सिकोची, विषय बेपत्ता माणसांचा, म्हणजे तिथली हजारो घरांतली उघडी जखम. चित्रण मुख्यतः पॅरिसजवळच्या स्टुडिओत. दिग्दर्शक जॅक ओडियार फ्रेंच, आणि आपण फार अभ्यास केला नाही असं त्यांनीच सांगितलं. प्रमुख अभिनेत्रींपैकी मेक्सिकन एकच, आद्रियाना पास. मेक्सिकोतल्या एका तरुणीने उत्तर म्हणून फ्रेंच लोकांवर लघुपट काढला. त्यात सगळे नट मेक्सिकन, पट्ट्यांचे शर्ट आणि रंगाने रेखाटलेल्या मिशा. झोई साल्दान्याला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं, ते मी तिच्या गुणांचं मानते. तिच्याच खात्यात २०१६ चा 'नीना' आहे. त्यात कृष्णवर्णीय गायिका नीना सिमोन होण्यासाठी तिचा रंग गडद केला होता. त्याबद्दल तिने २०२० मध्ये माफी मागितली.

१५. अॅनिमेशनमध्ये तर चेहराच दिसत नाही. तिथे फरक पडतो का?

पडतो. २०१३ मध्ये डिस्नेने मेक्सिकोतल्या मृतांच्या सणाचं नाव, 'दिया दे लोस मुएर्तोस', व्यापारचिन्ह म्हणून नोंदवायचा प्रयत्न केला आणि ओरड झाल्यावर मागे घेतला. त्या वेळी बोचरं व्यंगचित्र काढणारे लालो अल्काराझ यांनाच पुढे त्याच सणावरच्या 'कोको' या चित्रपटासाठी सल्लागार नेमलं. आवाज जवळजवळ सगळे लॅटिनो घेतले. मेक्सिकोत त्या चित्रपटाने तोवरचे कमाईचे विक्रम मोडले.

१६. लॅटिनो कलाकाराने भारतीयाचं काम केलं तर? मग आपण काय म्हणायचं?

असं झालं आहे, आणि ज्याने केलं तो याच लढ्यातला मोठा माणूस. मेक्सिकोत जन्मलेला रिकार्डो मोंताल्बान १९६७ मध्ये 'स्टार ट्रेक' मालिकेत खान नूनियन सिंग झाला, उत्तर भारतातला शीख असावा असं मालिकेतच सुचवलेलं पात्र. त्यासाठी त्याचा चेहरा गडद केला होता. १९५७ मध्ये तो जपानी कलावंतही झाला होता. आपल्या देशाचं पात्र क्वचितच मिळायचं, दुसऱ्या कुठल्याही 'परक्या' माणसाचं मिळायचं, अशी ती परिस्थिती. १९७० मध्ये त्याने नोसोत्रोस ही संस्था काढली, म्हणजे 'आम्ही'. लॅटिनोंना चांगल्या भूमिका मिळाव्यात म्हणून. त्यानंतर आपली कामं कमी झाली, असं तो सांगे.

१९८२ मध्ये खान म्हणून तो मोठ्या पडद्यावर परत आला आणि ते काम आजही लोक विसरलेले नाहीत. २०१३ मध्ये तेच पात्र इंग्लंडच्या बेनेडिक्ट कंबरबॅचने केलं. मोंताल्बानचा खान मला मनापासून आवडतो. ती भूमिका १९६७ मध्ये एखाद्या शीख नटाला विचारली गेली असती तर, हेही मनात येतं, आणि तो नट ऑडिशनच्या दारापर्यंत तरी कसा पोचला असता, हे मात्र मला दिसत नाही.